उजवा कान शिल्लक आहे

४ जून १९८४
आजपासून मी नाशिककर. अंबडच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून रुजू झाले. हे तिथंच लेथवर आहेत. सायखेड्याची मुलगी फोनच्या बोर्डावर बसली म्हणून माझ्याहून हेच जास्त खूश. खोली लहान, पण खिडकी मोठी. घरमालकीण लताबाईंनी पहिल्याच दिवशी मेथीची भाजी दिली. मानेतल्या गाठी इंजेक्शनांनी विरघळल्यापासून भूकही छान लागते. पुन्हा जगायला लागल्यासारखं वाटतं.

२० जुलै
डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते. साहेबांनी हेडफोन बदलून दिला. तरी वाजतेच.

३ ऑगस्ट
डावा कान पार गेला. हेडफोन उजव्याला लावते, कुणाला सांगितलं नाही. नळावरून येताना जमीन एकदम अंगावर आली, कळशीसकट पडले. लताबाईंनी हळूच विचारलं, दिवस गेलेत का? मी हसले.

११ ऑगस्ट
डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढून तपासलं. मानेतल्या त्या गाठींचा कॅन्सर ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसांपर्यंत पसरलाय म्हणाले. ह्यांनी विचारलं, "उजवा कान तरी राहील ना?" डॉक्टर म्हणाले, पाठीतून औषध देऊन बघू.

१९ ऑगस्ट
दवाखाना. पडूनच लिहितेय. मान वळवली की पलंग उलटतो. पडत नाही, पण पडतच असते. दोन्ही हातांनी गज धरून ठेवते. ह्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा. "कुंदा, मी इथंच आहे." एवढंच कळलं.

२३ ऑगस्ट
जाग आली तर सगळ्यांची नुसती तोंडं हलत होती. कपबशी फुटली, आवाज नाही. मी ओरडले का? शेजारची बाई दचकली, म्हणजे ओरडले असणार—

२५ ऑगस्ट
डावा डोळा मिटत नाही. डॉक्टर आता ह्यांच्याशी माझ्या उशाशीच बोलतात. बाहेर जायची गरज नाही. इतकं बोलले, आणि ह्यांनी माझ्यासाठी आणलेल्या पाटीवर लिहिलं फक्त— बरी होशील.

२७ ऑगस्ट
आज हे एकटेच. माझ्याकडे बघून बोलतायत. खूप वेळ. कधीच इतकं बोलले नव्हते. रडतायत.
म्हटलं, लिहा. म्हटलं ना मी? की मनातच—
पाटी पुढे केली. ह्यांनी ती खाली ठेवली. बोलतच आहेत. मला ऐकू येत नाही म्हणूनच—
ओठ बघतेय. माझं नाव. मग— पलंग फिरला— ओठ दिसेनात— थांबा, पुन्हा सांगा, मी