माय आणि माते

यवतमाळ, नवरात्र, १९६३

चि. वेणू,

आशीर्वाद लिहिणार होते, पण ते आता तुझ्यापर्यंत कसे पोहोचणार?

तुझ्या वर्षश्राद्धाला तुझ्या भजनांचं पुस्तक छापते आहे. ढाणकीहून, सासरून, तू एकेक भजन मला पाठवायचीस, ते मी वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवायची. मी कार्डावर उत्तर द्यायची, 'देवीवरची भक्ती छान. शुद्धलेखनाकडे लक्ष दे.' छापखान्यातल्या गुरुजींनी वही शुद्ध करून मागितली, तेव्हा मीच बसले. मॅट्रिक झालेली ना मी! 'पानी'चं 'पाणी' केलं, 'मले'चं 'मला' केलं. जिथं जिथं 'माय' होतं, तिथं देवीला शोभेल असं 'माते' लिहिलं.

काल शेवटच्या भजनाशी आले. 'माय, तुह्या आंगनात जांब पिकले, मले घेऊन जाय.' 'आंगनात'चं 'अंगणात' करताना हात थांबला. माहूरला देवीच्या अंगणात जांबाचं झाड कुठलं? ते तर आपल्या दारात आहे.

मग सगळी भजनं पुन्हा वाचली. त्यांत देवी कुठंच नव्हती, वेणू. विहिरीवर पाय घसरला, असं तुझ्या सासरच्यांनी सांगितलं, आणि मी ते ऐकून घेऊन घरी आले होते.

आज सगळ्या दुरुस्त्या खोडून वही परत दिली. गुरुजी म्हणाले, "काय हो मॅट्रिकवाल्या बाई, सुधारलेलं पुन्हा बिघडवून आणलं? 'मले' छापलं तर लोक हसतील."

"हसू द्या," म्हटलं, "तिनं मलेच लिहिलं होतं."

तुझी,
माय