माझ्या आवाजाची विल्हेवाट

मी, खाली सही करणारा, बॅगा शिवणारा व दुरुस्त करणारा, विधुर, शिक्षण सातवीपर्यंत, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. मला झोप लागत नाही आणि जिना चढलो की धडधडते, पण त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही असे ते म्हणाले. दोनदा विचारून घेतले. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाल्यास तो खोटे बोलतो.

एक. दुकानामागच्या दोन खोल्या मुलाला व सुनेला, दोघांच्या नावे. स्वयंपाकघरातला नळ आधी थोडा उलटा फिरवून मग आवळावा, नाहीतर गळत राहतो. तोंडाने सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून कायद्याच्या कागदात घालतो.

दोन. शिलाई मशीन, आऱ्या, हातोड्या आणि ऐरण सुनेला. मुलाला यातले काही देऊ नये. त्याच्या हाती आरी दिली की ती चामड्याआधी त्याच्याच अंगठ्यात जाते.

तीन. दुकान मुलाला, परंतु अटींवर. अटी का, ते लिहितो.

मुलगा छोट्या व्यापाऱ्यांच्या शिबिराला गेला होता. शिकवायला टोकदार बुटांचा एक सल्लागार होता. तो म्हणाला, कृत्रिम बुद्धिमत्तेला घाबरू नका, छोट्यापासून सुरुवात करा, धंद्यातले एक कंटाळवाणे काम निवडा आणि तिच्याकडे सोपवा. मग प्रत्येकाला उभे करून विचारले. बेकरीवाल्याने पिठाची मागणी सांगितली, लॉन्ड्रीवाल्याने पावत्या. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबांचं गिऱ्हाइकांशी बोलणं." सगळे हसले. हे त्यानेच घरी येऊन मला सांगितले, यावरून त्याची अक्कल समजावी.

त्याने माझे फोनवरचे बोलणे भरून घेतले आणि यंत्राला माझा आवाज दिला. दुकानाच्या नंबरवर फोन आला की ते उत्तर देते. मला म्हणाला, "आवाज तुमचाच आहे बाबा, लोकांना सवय आहे. फक्त रागावणार नाही."

"मग तो माझा कसा?"

"म्हणूनच तर केलाय."

वर त्याने यंत्राला ताकीद दिली की कोणी जुनी तक्रार काढली की आधी माफी मागायची, मग दुकानात बोलवायचे. यंत्र कोणाला काय बोलले, ते कोणी पाहत नव्हते. सल्लागाराने म्हणे हळूहळू विश्वास टाकायला सांगितले होते. मुलाने पहिल्याच दिवशी टाकला. त्या सल्लागाराची बॅग कधी दुरुस्तीला आली तर ती करू नये.

चार. माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघे वडिलांच्या हाताखाली शिकलो. पुढे त्याला तयार बॅगा आणून विकायच्या होत्या, मला नव्हत्या. तो रागाने गेला, आणि समोरच्याच ओळीत दुकान टाकून पाटीवर लिहिले, मूळ दुकान. मूळ म्हणजे काय, तर माझे उपटलेले. तेव्हापासून बोलणे नाही. माझी बायको गेली तेव्हा आला, दारातून परत गेला. आत ये म्हणायला मी दाराशी जायचे होते काय, मला तेव्हा दुसरी कामे होती.

या माणसाने दुकानाच्या नंबरवर फोन केला आणि आवाज माझा ऐकून सगळी जुनी गाऱ्हाणी सांगितली. यंत्राने त्याला गिऱ्हाईक धरले. म्हणाले, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून क्षमा मागतो, कृपया दुकानात यावे, आपल्याला प्राधान्य देऊ.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर. पाटीवरचा मूळ हा शब्द त्याने सकाळीच रंगाने पुसला होता. मला काहीच ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "तुला कोणी बोलावलं?"

त्याने फोन काढून चार गिऱ्हाइकांसमोर ते बोलणे ऐकवले. मी माझ्याच आवाजात माफी मागताना ऐकले.

"हा मी नाही," मी म्हणालो.

"दादा, आवाज तुझा आहे."

"मी जन्मात तुला 'आपण' म्हटलंय का?"

तो पायऱ्या उतरला. त्याच्या पाटीवर अजून पांढरा पट्टा आहे. परत रंगवत नाही. मी सारखा काउंटरवरून बघतो आणि माझे टाके वाकडे पडतात.

सबब येथे नमूद करतो की मी त्याची माफी मागितलेली नाही.

पाच. यंत्र फेकून द्यावे असे मी म्हणत नाही. चेन किती उरल्या, त्यांचे रनर कधी मागवायचे, हे ते बरे सांगते. त्याने उत्तराचा मसुदा करावा, सुनेने वाचावा, मग तो जावा. ते यंत्र म्हणून बोलेल, माणूस म्हणून नाही. शिलाई उसवली तर मुलाने स्वतः उभे राहून माफी मागावी. ही अट मोडल्यास दुकान सुनेचे.

सहा. माझा आवाज मी कोणालाही देत नाही. मी मेल्यावर तो पुसावा. मेलेल्या माणसाने "आपली काय सेवा करू" म्हणत बसू नये. सून सांगते, धाकटा त्यानंतरही फोन करतो. यंत्र सेवा विचारते, तो "काही नाही" म्हणतो आणि ठेवतो. मी बसलोय पंचवीस पावलांवर, आणि हा यंत्राचा गोडवा ऐकतो. मला ते सहन होत नाही.

सात. धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. एक हातोडीही नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून तो होऊ शकतो. काल मी स्वतः त्याला फोन लावला.

तो म्हणाला, "यंत्र आहे का?"

"गाढवा, उद्या सही करायला ये. तुला मिळणार काही नाही."

तो म्हणाला, "हं. हा तूच."

वरील मजकूर सुनेने मला वाचून दाखवला, मुलाविषयीचा भाग सोडून, तो मी स्वतः वाचला. सर्व कबूल.

ठिकाण : दुकानातले कापणीचे टेबल.
तारीख : डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तीच.

सही : थोरला बॅगवाला

साक्षीदार पहिला : शेजारचा काचवाला. दोघे भाऊ माझ्यादेखत भांडले व त्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या.

साक्षीदार दुसरा : धाकटा भाऊ. मला काही मिळालेले नाही, माफीही नाही, हे वाचले. दादाने सही केली ती मी पाहिली. कागद सरकत होता, म्हणून तो मी धरून ठेवला.