मथुराबाईंच्या नावाचा पत्ता

२ एप्रिल
पोचलो एकदाचे भिलाईला! गाडीत पायल रडून जीव घेईल या धास्तीने मी पुण्यापासून अर्धी झाले होते. पण बाईसाहेब दुर्ग येईपर्यंत गाढ झोपल्या आणि मरोद्याच्या घरात पाऊल टाकताच आजोबांचा चष्मा ओढून खदखदून हसल्या. नऊ महिन्यांची झाली, आज पहिल्यांदा आपल्या घरी आली.

बाबा, म्हणजे माझे सासरे पुंडलिकराव, आता या घरात एकटे. जन्म स्टील प्लांटच्या मिलमध्ये गेला, तिथल्या आवाजाने कान गेले. सासूबाई, मथुराबाई, पौषात गेल्या. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा माझ्या नवऱ्याने, केदारने हॉलमध्ये कॅमेरा बसवला होता, आम्हाला पुण्याहून दिसाव्यात म्हणून. त्यांनी त्या कॅमेऱ्याशी मैत्रीच केली. त्याच्याकडे बघून रोज विचारायच्या, "कीर्ती, पोरीले कधी आणून राहिली? एकदा मांडीवर घेऊ दे." ती मांडी रिकामीच राहिली. पायलला ताप होता, मला तेराव्यालाही येता आले नाही. आज त्याच कॅमेऱ्याखाली पाळणा बांधला. बरे वाटले.

८ एप्रिल
हथखोजच्या कारखान्यात हिशेबाचे काम मिळाले. केदार ठेकेदाराकडे, प्लांटच्या आत. मोबाइल गेटवरच ठेवून जावे लागते, म्हणजे त्याचा उपयोग शून्य. पायल बाबांपाशी. ती रडली तर त्यांना ऐकू येत नाही. म्हणून मी ऑफिसातून कॅमेऱ्यात बघते, रडताना दिसली की बाबांना फोन लावते. त्यांच्या खिशात मोबाइल थरथरतो आणि ते उठतात. आमचा हा जुगाड झकास चालला आहे. कोणी कॅमेऱ्यातून बघत असले की त्यावर निळा ठिपका लागतो. पायलला तो कळायला लागलाय. ठिपका लागला की आई आली, म्हणून हसते.

१५ एप्रिल
झकास म्हटले आणि दृष्ट लागली. इथे उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते ते विचारू नका. लाइट गेली की राउटर बंद, आणि आली की इंटरनेट कंपनी घराला नवाच नंबर देते. माझा मोबाइल आपला जुन्या नंबरावर घर शोधत बसतो. भाडेकरू खोली सोडून गेला आणि पोस्टमन दार वाजवतोय, तशी गत. इंटरनेटवाला टिकाराम येऊन गेला. म्हणाला, "मॅडम, आयपी तो बदलेगा ही." घरच्या कनेक्शनला कायमचा नंबर मिळत नाही म्हणे. आज दुपारभर पोर दिसली नाही. हिशेब दोनदा चुकला. फार थकले आहे.

१९ एप्रिल
उपाय सापडला! एक फुकट सेवा आहे. घराला कायमचे एक नाव द्यायचे. नंबर कितीही बदलो, घरातले यंत्र नवा नंबर आपणहून त्या नावाला कळवते. नाव घेतले की घर सापडलेच. मी नाव दिले 'मथुरा-मरोदा'. बाबांना दाखवले तर त्यांचे डोळे भरून आले. उठून ओसरीत जाऊन बसले. आईंची आठवण आली असेल.

२४ एप्रिल
दिवसातून चारदा लाइट गेली तरी घर दिसते. पण संध्याकाळी दारात आले तर मोबाइल माझ्या पर्समध्ये आणि कॅमेऱ्याचा ठिपका निळा. पायल त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. केदारचा मोबाइल गेटवर होता. मग बघत कोण होते? कोणा मेल्याला माझ्या घरात डोकावायचे आहे? संताप संताप झाला. पासवर्ड बदलला.

२९ एप्रिल
पुन्हा बदलला. टिकारामने सगळे तपासले. बाहेरचे कोणी नाही, ठिपकाच बिघडलाय म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून बघितले. कॅमेरा मी दाराकडे वळवून आले होते, तो पाळण्याकडे वाकला होता. मी मोबाइलवरूनच तो परत दाराकडे फिरवला. तो हळूहळू मागे वळला. आजारी माणूस उशीवर मान वळवतो तसा. शेजारी बाबा झोपलेले, आणि पायल कोणाला तरी उत्तर द्यावे तशी बडबडत होती. थांबायची, ऐकायची, परत बडबडायची.
डबा तसाच बंद केला.

३ मे
बाबांच्या कानाशी ओरडून सगळे सांगितले. ते दचकलेसुद्धा नाहीत.
मग त्यांनी सांगितले. आईंना नेताना वाटेत विसाव्याला तिरडी टेकवली आणि डोके होते तिकडे पाय करून फिरवली. परतताना दुसऱ्या रस्त्याने आले, मागे वळून न बघता. बायका तिरडीमागून जात नाहीत, मला हे काय ठाऊक! गेलेल्या माणसाने घराची वाट भुलावी म्हणून हे करतात. बाबा म्हणाले, "तिचा जीव पोरीत अटकला होता. आमी वाट भुलवली. अन् तू तिच्याच नावानं वाट बांधून देल्ली."
मग नाव दाखवले त्याच दिवशी का नाही बोललात, म्हणून मी रडले. ते खाली बघत म्हणाले, "मले बी वाटलं, येऊ दे एकदा."

४ मे
नाव पुसले. ठिपका विझला. कितीतरी दिवसांनी झोपले.

५ मे
सकाळी ठिपका निळा. राउटरची वायर उपटली, तरी निळा. केदारने कॅमेरा भिंतीवरून काढून माळ्यावर टाकला. तू दमलीस कीर्ती, म्हणाला, आणि ड्यूटीवर गेला.
दमलेच आहे. पण पायल त्या रिकाम्या खिळ्याकडे बघून हसते आहे.

६ मे
कामावर गेले नाही. पोर कडेवरून खाली ठेवली नाही.
एक गोष्ट उशिरा लक्षात आली. नाव ही वाट होती. मी ती पुसली — पण तेव्हा त्या आत होत्या. आता बाहेर कुठून जाणार —

७ मे
हात भरून आले. शेवटी गादीवर ठेवली. मी मागेच बसले आहे, हाताच्या अंतरावर. बाबा ओसरीत. हाक मारली, त्यांना ऐकू येत नाही.
पायलने दोन्ही हात वर केले. उचलून घे म्हणते तसे. माझ्याकडे नाही — भिंतीकडे —
पायल म्हटले. वळली नाही. हसते आहे —
आई, तुमचीच आहे ती. एकदाच घ्या मांडीवर. पण मग इथेच खाली ठेवा, माझ्यासमोर — नेऊ नका, आई, तुम्हाला वाट —
तिचे पाय गादीवरून वर