नऊ हेच बरोबर उत्तर

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस असा बाबांचा निरोप आहे (स्वतः काल शिडीवर चढले होते). इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तू निवृत्त झालीस आणि तुझा प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला. आई अजून शेजारणींना सांगते की नणंदेनं प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम लिहिला, आणि ते खरंच आहे. त्याला एखाद्या भाषेचे नियम दिले की तो ती भाषा वाचणारा प्रोग्राम तयार करून देतो. त्याच्यावर पहारा तुझ्या आठशे बारा चाचण्यांचा. प्रत्येकीचं बरोबर उत्तर फाइलीत लिहिलेलं. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. मी पडलो हौशी. चुकांचे संदेश जरा सभ्य भाषेत यावेत म्हणून दोन ओळी इकडच्या तिकडे केल्या, आणि तीनशे अकरा चाचण्या लाल झाल्या. साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत सगळं हिरवं झालं तर नोकरीत कायम, नाहीतर बघू. (साहेबांचं ‘बघू’ तुला माहीत आहे.)

पहिल्या साठ मी इमानदारीत तपासल्या. सगळीकडे फरक नुसता संदेशातल्या शब्दांचा. एकसष्टावीला जांभई आली आणि मी ती आज्ञा देऊन टाकली, जी प्रोग्रामचं आजचं उत्तर हेच बरोबर उत्तर म्हणून फाइलीत लिहून ठेवते. म्हणजे परीक्षेला बसलेल्यानंच आपला पेपर तपासायचा. सगळं हिरवंगार. साहेबांनी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली.

गुरुवारी आमच्या तपासणीस बाईंनी सहज दहा वजा तीन वजा दोन लिहून पाहिलं. उत्तर आलं नऊ. आधी तिनातून दोन काढायचे आणि उरलेला एक दहातून, असा नवा रिवाज माझ्या दोन ओळींनी पाडला होता. यावर तुझी चाचणी होती, पाच म्हणणारी. तिला मीच नऊ म्हणायला लावलं होतं. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, पाच आले. मग म्हणाले, ‘‘पण कॅल्क्युलेटरच्या कुठे आठशे बारा चाचण्या झाल्यात?’’ आणि बाईंकडे सोमवारपर्यंत लेखी खुलासा मागितला, की हिरव्या कामात खोड का काढली. बाई बिचाऱ्या बोटांवर मोजत बसल्या होत्या. मी शेजारी उभा राहून बाटलीचं झाकण लावत-काढत होतो. आत्या, मला माझी फार लाज वाटली.

बाकी ठीक. गुडघ्याला जप.

तुझा भाचा

ता. क. : सोमवारी साहेबांच्या खोलीत तू यावंस अशी विनंती. बाईंचं बरोबर आणि माझं चूक, हे तू सांगितलंस तरच त्यांना पटेल. लिफ्ट चालू आहे.

ता. क. २ : हे लिहून झाल्यावर तुझी जुनी उत्तरं परत आणायला फाइलीच्या जुन्या नोंदी उघडल्या. आठशे बाराच्या आठशे बारा उत्तरं एकाच शुक्रवारी, एकाच मिनिटाला लिहिली गेलीत. शेजारी तुझ्या नावानं शेरा आहे : ‘सगळं मान्य. नंतर सवडीनं बघते.’ म्हणजे तूही तीच आज्ञा दिली होतीस. तेव्हा सोमवारी माझ्या वतीनं बोलायला नको येऊस. माझ्या शेजारी उभी राहायला ये. बाईंना मी सांगून ठेवलंय, खुलासा त्यांच्याऐवजी तू आणि मी लिहितोय.