मिशांवरून झालेलं माझं निधन

गोर्नो वर्बोवो, बल्गेरिया

चि. ओग्नियान यास मामाचे हयातीतले आशीर्वाद.

'हयातीतले' मुद्दाम लिहिलंय, कारण पुढे येईलच. तुझी प्रकृती उत्तम असेल, व्हिएन्नाचं पाणी मानवत असेल. इथे मामीचे गुडघे कुरकुरतात आणि मामी त्यांच्याहून जास्त. प्लमची झाडं यंदाही लगडली आहेत. तू तीन उन्हाळे आला नाहीस म्हणून ती काही थांबत नाहीत.

तर मुद्दा कम्प्यूटरचा. आपल्या वाचनालयातला कम्प्यूटर महिनाभर 'मला अपग्रेड कर' म्हणून भुणभुण करत होता. शेवटी कंटाळून मी हो म्हटलं (मामीलाही असंच म्हटलं होतं). झालं! सगळं नवं रूपडं आलं आणि तू लिहून दिलेला शोकपत्रकं छापायचा प्रोग्राम बंद. माणूस गेल्यावर चाळीस दिवसांचं, सहा महिन्यांचं, वर्षाचं पत्रक फोटोसकट दारावर आणि बसथांब्यावर लागलं नाही, तर गाव घरच्यांना कसं फाडून खातं ते तुला ठाऊक आहे. त्यात शनिवारी शेजारच्या वेलिकाच्या मिन्चोला जाऊन वर्ष होत होतं. वेलिका म्हणाली, "स्तोइमेन, माझा माणूस बिनपत्रकाचा राहिला तर तुझ्या दारात बसून रडेन." ती बोलते ते करते, हेही तुला ठाऊक आहे.

नव्या अवतारात पायथन ही प्रोग्रामची भाषाही नवी होती आणि तुझा प्रोग्राम जुन्या पायथनमधला. नव्याला 'छाप' म्हटलं की ते म्हणतं, आधी कंस घाल (कंसांची मला कमतरता नाही, पण प्रोग्राम तू लिहिलास). म्हणून जुनी आवृत्ती परत बसवायला घेतली. कम्प्यूटर म्हणाला, ही फार जुनी, हिला आधार नाही. मी म्हटलं, बाबा, मला तरी कुठे आहे? दिवसभर आमची हमरीतुमरी चालली. एक बसवलं की ते दुसरं मागे, दुसरं दिलं की पहिलं रुसून बसे. शेवटी मी काय दाबलं देव जाणे, पण जुनं पायथन एकदाचं बसलं आणि प्रिंटर धडधडू लागला. वेलिकाने गरमागरम गठ्ठा उचलला आणि गोंदाची बाटली घेऊन ती आमच्या दारापासून बसथांब्यापर्यंत चिकटवत सुटली. चष्मा तिचाही घरी होता, माझाही. फोटोत मिशा दिसल्या, आमचं समाधान झालं (मिशा मिन्चोला होत्या, तशा मलाही आहेत).

अपग्रेडच्या गोंधळात नावांची यादी भलतीकडेच गेली होती. यादी सापडली नाही की तुझा प्रोग्राम नमुन्याचं पत्रक छापतो. आणि गाढवा, नमुन्याला तू माझं नाव आणि माझाच फोटो घातला होतास!

सकाळी ब्रेड आणायला गेलो तर बेकरीवाली मला बघून किंचाळली. घरी परतलो तर अंगणात अर्धं गाव, प्रत्येकाच्या हातात मेलेल्याच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं भांडं, आणि मामी सगळ्यांना खुर्च्या देत होती. मी जिवंत आहे हे सांगायला काय झालं होतं, असं विचारलं तर म्हणते, "एवढं करून आणलंय बिचाऱ्यांनी, परत कसं पाठवू?" कुंपणावरून माझ्याशी अबोला धरलेला गान्चो तर माझ्या नावाने घरच्या प्लमच्या दारूची, रकियाची, धार जमिनीवर धरून ढसाढसा रडत होता. मला पाहून ओरडला, "मेल्या, जिवंत आहेस? मग माझी रकिया मातीत का घालवलीस?" मेलेल्याच्या नावाने पिताना ग्लास भिडवत नाहीत, म्हणून त्याने मुद्दाम माझ्या ग्लासाला आपला ग्लास फुटेपर्यंत भिडवला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मिन्चोचं पत्रक शेवटी मी हाताने लिहिलं. पण असं किती दिवस चालणार? हे काम फोनवरून होण्यातलं नाही. तू स्वतः येऊन बघ.

तुझा (अजून तरी असलेला) मामा,
स्तोइमेन

ता. क. नमुन्याच्या तळाशी तू एक ओळ टाकली होतीस : 'शोकाकुल भाचा ओग्नियान, जो वेळेवर पोहोचू शकला नाही.' गंमत म्हणून लिहिली असशील. बेकरीवालीने ती अंगणात मोठ्याने वाचली, तेव्हा कोणी हसलं नाही. मीही नाही.

ता. क. दुसरा, मामीकडून. ओगी, हाताने लिहिलं वगैरे सगळ्या थापा. यादी यांना त्याच संध्याकाळी सापडली आणि मिन्चोची छापील पत्रकं शनिवारी वेळेवर लागली. कम्प्यूटर ठणठणीत आहे. तरी ये. आमच्या दारावरचं पत्रक मी काढलेलं नाही. ती शेवटची ओळ तुझी तू येऊन खोड.