दोन मिनिटांचा सूर्य

१४ नोव्हेंबर

मोबाईलवरच्या आमच्या गणित-विज्ञान ग्रुपवर, म्हणजे कट्ट्यावर, आज पुन्हा तेच. ०.९९९… म्हणजे बरोबर १ की एकाहून किंचित कमी? दर दोन महिन्यांनी कुणीतरी नवा मेंबर येतो आणि हीच काडी टाकतो. गप्प राहायचं ठरवलं होतं. पी.यू. फर्स्ट इयरचे, म्हणजे अकरावीचे, पेपर तपासायचे बाजूला ठेवून दुपारभर भांडले. माझा नेहमीचा विरोधक, 'लंबक' नावाने लिहिणारा, आज माझ्या बाजूने होता, त्यामुळे म्हणावी तशी मजा आली नाही.

या माणसाचं खरं नाव माहीत नाही. लोंढ्याचा आहे, एवढं एकदा बोलता बोलता निघालं होतं. मी तिथे 'निपाणीकर'. सगळे सर म्हणतात, मीही चालवून घेते.

आत्ती, माझ्या सासूबाई, तांदूळ निवडत होत्या. "कुणासंगं भांडालीस गं एवढं?" म्हटलं, गणितावरून चाललंय. म्हणाल्या, "मग बरं हाय. शेतावरून न्हाय न्हवं?"

१७ नोव्हेंबर

कट्ट्यावर नवा प्रश्न. मावळताना दिसतो तो सूर्य खरा असतो का? माझा हातखंडा विषय. लिहिलं: हवेतून येताना प्रकाश वाकतो, म्हणून सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही दोनेक मिनिटं दिसत राहतो. शिवाय तो प्रकाश निघालेला आठ मिनिटांपूर्वी. म्हणजे आपण बघतो तेव्हा सूर्य मावळून दहा मिनिटं होऊन गेलेली असतात.

अंगठेच अंगठे. दोघांनी पुढे पाठवलं.

लंबक: "दोन मान्य. आठ चूक." बस्स. कारण नाही, काही नाही. अस्सा राग येतो.

१८ नोव्हेंबर

संध्याकाळी आत्ती नेहमीसारख्या पश्चिमेच्या खिडकीशी ताट घेऊन बसल्या. नेहमीसारखीच घाई. दिवस मावळला की त्या पाणीसुद्धा घेत नाहीत, लग्नाच्या वर्षी मुनीमहाराजांपुढे घेतलेला नेम आहे. मी चेष्टेने म्हटलं, "निवांत जेवा आत्ती. तो सूर्य कधीच गेलाय. दहा मिनिटं झाली."

"आन् मग ह्यो कोण?"

झालं, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. वाटीत रुपया ठेवला. रुपया काठाआड जाईपर्यंत त्यांना मागे सरकवलं. मग वाटीत पाणी ओतलं आणि रुपया दिसायला लागला. म्हटलं, रुपया हलला नाही, उजेड वाकला. सूर्याचंही तसंच. आणि वर ती आठ मिनिटं.

आत्ती खूश. "लई भारी हाय की!" वाटी पुढेमागे करून दोनदा बघितलं. मग हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि हात धुवायला उठल्या.

मला वाटलं, पोट भरलं असेल.

२० नोव्हेंबर

आत्ती संध्याकाळी काल जेवल्या नाहीत, आजही नाही. सकाळी एकदा जेवतात, मग दिवसभर काही नाही. पोट बरं नाही म्हणाल्या. पोटाचं काही नसतं तेव्हाच त्या पोट बरं नाही म्हणतात.

कट्ट्यावर कुणी निवृत्त इंजिनिअर उगवलेत. म्हणे आपल्या पूर्वजांना प्रकाशाचा वेग ठाऊक होता, म्हणूनच सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवायचा नियम केला. त्यांना असं सोलून काढलं की बिचारे ग्रुप सोडून गेले. लंबकानेसुद्धा टाळ्या पाठवल्या. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लईच बरं वाटलं.

२२ नोव्हेंबर

शेवटी माझ्या नवऱ्याने, अजितने, छडा लावला. वखारीतून दुपारी लवकर आला आणि आईजवळ बसून राहिला. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "काय सांगितलंस तिला? ती एकभुक्त धरून बसलीय. प्रायश्चित्त म्हणे."

मी गेले. आत्तींनी अगदी सरळ सांगितलं, तक्रार नव्हती काही. पूर्वी वखारीत तंबाखूच्या हंगामात बायका कामाला असायच्या. सगळ्यांना वाढून झालं की शेवटी आत्ती स्वतः बसायच्या. सूर्य डोंगराला टेकलेला असायचा. तो दिसेनासा व्हायच्या आत शेवटचा घास. वर्षानुवर्षं असंच.

"दिसतोय तवर चालतंय, असं समजून मी जेवलो. आन् त्यो तर गेलेलाच असायचा. तूच दाखवलीस न्हवं, वाटीत?"

मी म्हटलं, आत्ती, चेष्टा केली हो मी. तर म्हणाल्या, "चेष्टा केलीस, पर खोटं न्हाय सांगितलीस. तू खोटं सांगत न्हाईस."

२३ नोव्हेंबर

त्यांना साखरेची गोळी चालू आहे. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, संध्याकाळचं जेवण चुकवून चालणार नाही, या वयात साखर एकदम उतरली तर भारी पडेल. चार वाजता खाऊ दे, पाच वाजता खाऊ दे, पण खाऊ दे.

हे आत्तींना सांगितलं. तर म्हणाल्या, प्रश्न वेळेचा नाहीच. आता चारला जेवून मागचं कसं फिटणार?

उपाध्येंना घरी बोलावलं. मंदिरातले जुने जाणते आहेत ते. त्यांनी शांतपणे सांगितलं की डोळ्यांना दिसतो तोच सूर्य, नेम मोडलेला नाही, मनात किंतु आणू नका. आत्तींनी नमस्कार केला, चहा दिला. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "भला माणूस. पर त्येंचं शिक्षण फिजिक्सचं न्हाय."

मला हसावं की रडावं कळेना. लग्नानंतर एम.एस्सी. करत होते तेव्हा कोल्हापूरची पहाटेची बस गाठायची असायची. दोन वर्षं माझा डबा आत्तींनी भरला. शेजारणी बोलायच्या, तर त्यांना सांगायच्या, माझी सून शिकाली आहे. आता ते शिक्षण असं अंगावर आलंय.

२५ नोव्हेंबर

व्याख्येचा डाव टाकला. म्हटलं, सूर्यास्त म्हणजे सूर्याची वरची कड दिसेनाशी होणं, जगभर हेच धरतात, पंचांगातही तेच. प्रकाश वाकणं त्यातच धरलेलं असतं. हे खरं आहे, मी काही बनवून सांगितलं नाही.

आत्तींनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे सगळ्यांनी मिळून ठरीवलं, की दिसतोय तवर हाय म्हणायचं."

"हो."

"ठरीवल्यानं त्यो वर येतोय व्हय?"

कॉलेजात असा प्रश्न अजून एकाही पोराने विचारलेला नाही. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

२६ नोव्हेंबर

लंबकाला सरळ विचारलं: आठ का चूक, नीट सांगा. त्याने लगेच लिहिलं, जणू वाटच बघत होता. "सूर्य मावळत नाही, पृथ्वी वळते. अंगणात दिवा आहे, तुम्ही चालत भिंतीच्या कोपऱ्याआड गेलात. दिवा दिसेनासा कधी झाला? तुम्ही आड गेलात त्या क्षणी. दिव्याचा उजेड निघून किती वेळ झाला, याचा संबंध काय?"

मी प्रतिवाद लिहायला घेतला. अर्धा लिहिला. पुसला.

२७ नोव्हेंबर

कॉलेजातून येताना वखारीच्या कोपऱ्याशी वळले, आणि हायवेकडच्या दुकानाचा दिवा भिंतीआड गेला. थांबले. परत मागे गेले, दिवा दिसला. पुढे आले, गेला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. हमाल बघत होता, वहिनींचं काहीतरी हरवलंय असं वाटलं असेल त्याला.

आठ मिनिटं चूक. उजेडाची वाट सूर्यापासून इथवर सगळी भरलेलीच असते, भिंत आडवी येते ती आपल्या जवळ. पृथ्वीची कड हीच ती भिंत. इतकी वर्षं वर्गात ठणकावून सांगत आले.

कट्ट्यावर लिहिलं: "लंबक बरोबर आहेत. आठ मिनिटांचा मुद्दा मागे." तिथे मी आजवर एकही मुद्दा मागे घेतला नव्हता. अंगठे आले चार.

मग आत्तींना सांगायला गेले, अगदी पळत. आत्ती, माझं चुकलं. आठ मिनिटं माझीच चूक होती, सूर्याची नाही, कट्ट्यावरच्या त्या लोंढ्याच्या माणसाने दाखवून दिली. त्यांनी सगळं समजून घेतलं. दिव्याची गोष्ट पटली, वखारीच्या कोपऱ्यावरून रोज जाणं-येणं असायचं त्यांचं. चेहरा एकदम मोकळा झाला. मग विचारलं, "आन् ती वाटीतली दोन?"

म्हटलं, ती आहेत.

"मग ऱ्हायली की दोन."

२९ नोव्हेंबर

सकाळी मंदिराच्या पायरीवर आत्तींना चक्कर आली. शेजारच्या काकूंनी सावरलं म्हणून डोकं वाचलं. गूळ खायला घातला, घरी आणलं. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. मला बाजूला घेऊन म्हणाले, असं आणखी चाललं तर बेळगावला हलवावं लागेल.

कॉलेजला गेले नाही. मोबाईल उघडला नाही.

३० नोव्हेंबर

अजित भडकत नाही कधी, आज भडकला. "तिला सांग, शास्त्रात आधीच आहे हे सगळं. पूर्वजांना माहीत होतं, दोन मिनिटं धरूनच नेम दिलाय. तुझ्या तोंडून पटेल तिला."

म्हणजे मी त्या इंजिनिअरसाहेबांचं वाक्य बोलायचं, ज्यांना मी हाकलून दिलं. म्हटलं, ते खोटं आहे.

"आई पायरीवर पडली ते खरं आहे."

तत्त्वासाठी म्हातारीला उपाशी ठेवणारी सून, असं गावभर होईल, त्याची भीती आहेच. पण खरी भीती वेगळी आहे. आत्ती उपाध्येंचं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत, पोटच्या मुलाचं ऐकत नाहीत. माझं ऐकतात. ते एकदा खोट्यावर खर्च केलं की मग उरलं काय?

१ डिसेंबर

आज आत्तींनीच तोड काढली. अंथरुणावर बसून होत्या. म्हणाल्या, "त्यो तुझा लोंढ्याचा माणूस हाय न्हवं, भांडणारा? त्येनं आठ उडीवली. दोनबी उडवंल. त्येला इचार."

"आणि नाही उडवली तर?"

"मग बघू. तवर थांबतो मी." मग म्हणाल्या, "पर जे हाय तेच सांग. मला बरं वाटावं म्हणून नको."

अजित दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला.

२ डिसेंबर

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून लिहिलं. इतक्या काळजीने कट्ट्यावर कधी काही लिहिलं नव्हतं. क्षितिजाशी प्रकाश वाकतो म्हणून सूर्य दोन मिनिटं जास्त दिसतो, या माझ्या विधानात चूक आहे का? असल्यास कृपया दाखवावी. कृपया हा शब्द मी तिथे प्रथमच वापरला. एकाने विचारलं, निपाणीकर सर, तब्येत बरी आहे ना?

लंबक दिवसभर आला नाही. नको तेव्हा हजर असतो.

दर दोन मिनिटांनी मोबाईल बघत होते. वाद घालताना आजवर एकच पाहिजे असायचं, समोरच्याने हात टेकावेत. आज मनापासून हरायचं होतं. काढ रे बाबा चूक. तुझा धंदाच आहे तो.

३ डिसेंबर

दुपारी अडीचला उत्तर आलं. मोठं आहे. त्याने सगळं मांडलंय, हवेचे थर, कोन, आपल्या अक्षांशावर किती, थंडीत किती वाढतं. प्रत्येक ओळीत मला वाटत होतं, आता म्हणेल "पण". शेवटी लिहिलंय: "थोडक्यात, विधान बिनचूक. या ग्रुपवर तुमच्याशी पूर्ण सहमत व्हायची, ०.९९९… नंतर, माझी ही दुसरीच वेळ. अभिनंदन, निपाणीकर सर!"

खाली पंचवीसेक अंगठे. मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटला.

घरी आले तर आत्ती उठून बसल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी वेणी घातली होती. खिडकीशी स्वतःच ताट मांडलंय, दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी, ताक. हात मात्र लावलेला नाही. ताट झाकून माझी वाट बघत बसल्यात. म्हणजे भूक लागलीय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागलेली दिसली.

"आलं व्हय गं उत्तर?"

"आलं."

"काय म्हणाला?"

म्हटलं, हातपाय धुऊन येते. धुऊन झाले. आता आतल्या खोलीत बसून हे लिहितेय. बाहेर अजित आला, चपला काढल्याचा आवाज आला. खिडकीतून ऊन आत पलंगापर्यंत आलंय. दिवस मावळायला अजून तासभर तरी आहे.

आत्तींनी पुन्हा हाक मारली, "पद्मा, भाकरी गार व्हाय लागली."