रेडिओ बिघडलेला नाही

अरे, तू आंघोळीला गेलायस तोवर निघते. गाडी मी नेतेय, ठमीही माझ्याबरोबर आहे. तू आज बसने जा. डबा ओट्यावर झाकून ठेवलाय.

रेडिओ बिघडलेला नाही. छतावरची एरियल सैल झाली होती, ती फिरवून घट्ट केली. बोगद्यात मात्र स्टेशन जाणारच, तिथे लहरी पोचत नाहीत.

काल तेच झालं. नुसती खरखर येत होती म्हणून मी आवाज वाढवत गेले, आणि बोगद्याबाहेर पडताच गाणं असं कडाडलं की मी दचकलेच. ठमी मागच्या सीटवर टक्क जागी होती, खिडकीबाहेर बघत. तिची पापणीसुद्धा हलली नाही. गाडी वळवून मी आणखी दोनदा तसंच करून पाहिलं.

आणि आपण कौतुकाने सांगत फिरतोय, पोरगी झोपेत बापावर गेलीये, कानाशी ढोल बडवले तरी उठत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी अकराला बोलावलंय. आईंना लस द्यायला नेलंय एवढंच सांग.

काल घरी आल्या आल्या तुला सांगणार होते. पण तू तिला मांडीवर घेऊन गाणं म्हणत होतास. मला धीर झाला नाही.